डेटा पत्रकारिता : वर्गाचे नियम आणि गुण नेमके कशाचे?



दरवर्षी पहिल्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. "सर, एक्सेल नीट येत नाही, मग या पेपरात आमचं काय होणार?" त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. एक्सेल दोन आठवड्यांत येतं. दहावीच्या गणितात काठावर पास झालेली मुलं या विषयात पहिली आलेली मी पाहिली आहेत. कॉम्प्युटरवर सराईतपणे बोटं फिरवणारी काही मुलं मात्र मागे राहिली. असं का होतं, हे आधी कळलं तर पुढचे नियम जाचक वाटणार नाहीत. म्हणून आजचा पाठ नियमांचा आणि गुणांचा. शांतपणे वाचा, शंका वर्गात विचारा.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका जिल्हा दैनिकात डेस्कवर होतो. दहावीचे शाळावार निकाल एका फाइलमध्ये आले. मी टक्केवारी काढली, यादी उतरत्या क्रमाने लावली आणि तळाच्या शाळांची चौकट केली. मथळा होता, "या सात शाळांचा निकाल शून्य टक्के". दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुख्याध्यापक कापडी पिशवी घेऊन ऑफिसात आले. पिशवीत तेवीस गुणपत्रिका होत्या. तेवीसच्या तेवीस मुलं पास. त्यांच्या शाळेचा आकडा फाइलमध्ये भरलेलाच नव्हता. कप्पा रिकामा होता आणि माझ्या सूत्राने त्याला शून्य धरलं होतं. सर चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज सकाळी तीन पालक दाखला मागायला आले. तिन्ही मुलींचे."

आम्ही खुलासा छापला. आतल्या पानावर, चार ओळींचा. चौकट मात्र पहिल्या पानावर होती.

मित्रांनो, या अभ्यासक्रमाचे सगळे नियम त्या रिकाम्या कप्प्यातून निघाले आहेत. आकड्यामागे माणूस असतो, हे वाक्य सगळेच म्हणतात. आपल्याला त्याच्या पुढे जायचं आहे. आपला आकडा चुकला तर तो दुसऱ्या कुणाला पकडता आला पाहिजे, आणि शक्यतो छापण्याआधी. गुण याच गोष्टीचे आहेत.

हे काम नवीन नाही

'डेटा जर्नालिझम' हा शब्द अलीकडचा असला तरी काम जुनं आहे. इंग्लंडमधल्या 'मँचेस्टर गार्डियन'च्या पहिल्याच अंकात, म्हणजे ५ मे १८२१ रोजी, मँचेस्टर आणि सॅलफर्डमधल्या शाळांचा तक्ता छापला होता. कोणत्या शाळेत किती मुलं आणि खर्च किती, अशी ती यादी. पुढे १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कुठे कुठे झाले त्याची नोंद केली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपापर्यंत ते पोचले. स्नो पत्रकार नव्हते, पण त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते नकाशा काढून थांबले नाहीत. जे आकडे त्यांच्या तर्कात बसत नव्हते, तिकडे ते मुद्दाम वळले. पंपाच्या जवळच मद्य गाळण्याचा कारखाना होता. तिथले कामगार कॉलऱ्याने का मेले नाहीत? चौकशी केल्यावर कळलं, त्यांना कारखान्यातली बिअर मिळत असे. त्या पंपाचं पाणी ते पीतच नव्हते. तर्काला धक्का देणारा आकडाच त्या तर्काचा साक्षीदार निघाला.

अमेरिकेत १९६७ मध्ये डेट्रॉइट शहरात दंगल झाली. दंगल करणारे म्हणजे शिक्षण अर्धवट सोडलेली पोरं, असा सर्वसाधारण समज होता. फिलिप मेयर या पत्रकाराने समाजशास्त्रज्ञांच्या मदतीने दंगलग्रस्त भागात सर्व्हे केला. कॉलेजची पायरी चढलेले लोकही तितक्याच प्रमाणात दंगलीत होते, असं त्यातून दिसलं. एरवी ही समजूत अंदाजावरच वर्षानुवर्षं छापली गेली असती.

गुणांची विभागणी

एकूण गुण १००. ते असे :

१. डेटा-वही : २५
२. साप्ताहिक सराव : १५
३. जोडीदाराच्या कामाची तपासणी : १५
४. अंतिम बातमी : ३०
५. तोंडी परीक्षा : १५

बघा, बातमीला फक्त ३० गुण आहेत. बाकीचे ७० गुण बातमीपर्यंत तुम्ही कसे पोचलात याचे. दरवर्षी कुणीतरी म्हणतं की हे उलटं आहे. पण पुढे नोकरीत तुमची बातमी सगळे वाचतील आणि तुमची वही कुणीच मागणार नाही. वहीची सवय लागायची तर ती इथेच लागेल.

डेटा-वही म्हणजे काय? तुम्ही डेटाला जे जे केलं त्याची तारीखवार नोंद. फाइल कुठून आणि कधी घेतली, तिच्यात किती ओळी होत्या, कोणत्या ओळी काढल्या आणि का, कोणतं सूत्र लावलं, कुणाला फोन केला. वही कागदाची असो की कॉम्प्युटरवरची, मला चालते. कसोटी एकच. तुमची वही हातात घेऊन वर्गातल्या दुसऱ्या मुलीला तुमचाच आकडा काढता आला पाहिजे. आला तर गुण पूर्ण. वेगळा आकडा आला आणि फरक का पडला ते वहीतून कळलं, तरी बरेचसे गुण मिळतील. काहीच कळलं नाही तर बातमी कितीही देखणी असो, या भागात भोपळा.

जोडीदाराच्या तपासणीला १५ गुण का, तेही सांगतो. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक निबंध आला. देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की विकासदर घसरतो, असं त्यात होतं. मोठमोठ्या नेत्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी वर्गातला गृहपाठ म्हणून तो हिशेब पुन्हा करू लागला. आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती दिली. तिच्यात सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. इतरही काही निवडी वादग्रस्त होत्या. निबंधातला उणे ०.१ टक्का हा आकडा फेरहिशेबात अधिक २.२ टक्के आला. हे सगळं एका गृहपाठातून बाहेर आलं. लेखकांनी फाइल दिली, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे कुणी फाइल मागितली तर द्यायची, हा आपला नियम आहे.

वर्गाचे नियम

नियम १ : मूळ फाइलला हात लावायचा नाही. आलेली फाइल तशीच वेगळी ठेवा. कामासाठी तिची प्रत करा आणि पहिलं काम म्हणून ओळी मोजा. तुम्हाला हे बारीकसारीक वाटेल. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून सुटले होते. माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावतच नाहीत. त्यापुढच्या ओळी गळून गेल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवलं गेलं नाही. ओळी कुणीतरी मोजायला हव्या होत्या.

नियम २ : रिकामा कप्पा म्हणजे शून्य नव्हे. 'माहिती नाही', 'लागू नाही' आणि 'शून्य' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना वेगळी खूण करा. रिकामा कप्पा अंदाजाने किंवा सरासरीने भरलात आणि वहीत तसं लिहिलं नाही, तर ती लबाडी धरली जाईल.

नियम ३ : एकूण आकडा सांगण्याआधी भाजक विचारा. एक काल्पनिक उदाहरण घ्या. समजा, पुणे जिल्ह्यात वर्षभरात रस्ते अपघातात ९४० मृत्यू झाले आणि सिंधुदुर्गात १७०. घाईत मथळा होईल, "अपघातांत पुणे पुढे". आता लोकसंख्या बघा. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४,२९,४०८ आणि सिंधुदुर्ग ८,४९,६५१. लाखामागे दर काढला तर पुण्यात सुमारे १० आणि सिंधुदुर्गात सुमारे २०. बातमीच फिरली. पण इथेही थांबू नका. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणजे हा भाजक जुना आहे. शिवाय सिंधुदुर्गातून हायवे जातो, तिथे मरण पावलेला माणूस जिल्ह्याचाच असेल असं नाही. दर काढला म्हणून सत्य सापडलं असं होत नाही. पुढचा प्रश्न मात्र सापडतो.

नियम ४ : टक्के आणि टक्केबिंदू यांची गल्लत नको. महाराष्ट्राचं साक्षरतेचं प्रमाण २००१ मध्ये ७६.८८ टक्के होतं, २०११ मध्ये ८२.३४ टक्के झालं. वाढ ५.४६ टक्केबिंदूंची. टक्क्यांत मोजली तर ती जवळपास ७.१ टक्के होते. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण वाक्यं वेगळी आहेत. आपल्याला सोयीचं वाक्य निवडायचं आणि दुसरं लपवायचं, असं केलंत तर गुण जातील.

नियम ५ : सरासरी लिहिण्याआधी मध्यक बघा. वस्तीत दहा घरं आहेत. नऊ घरांचं महिन्याचं उत्पन्न दहा-दहा हजार, दहाव्याचं नऊ लाख दहा हजार. सरासरी येते एक लाख. त्या वस्तीत एक लाख कमावणारं घर एकही नाही. मध्यक येतो दहा हजार, तो खरी परिस्थिती सांगतो.

नियम ६ : शब्दाची व्याख्या आधी वाचा. जनगणनेतली साक्षरता सात वर्षं आणि त्यावरच्या लोकांचीच मोजतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजतात. म्हणजे बलात्कार आणि खून दोन्ही असतील तर ती घटना खुनात मोजली जाते. आणखी एक गोष्ट. तो अहवाल नोंद झालेले गुन्हे सांगतो, घडलेले सगळे गुन्हे सांगत नाही. एखाद्या जिल्ह्यात तक्रारी वाढल्या तर गुन्हे वाढले असतील, किंवा बायका पोलीस ठाण्याची पायरी चढू लागल्या असतील. कोणतं खरं, हे नुसत्या तक्त्यावरून सांगता येत नाही.

नियम ७ : सीमा आणि नावं तपासा. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर वेगळा झाला. आजच्या ठाण्याची तुलना त्या आकड्याशी केलीत तर अर्धी-अधिक बातमी खोटी होईल. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. दोन वर्षांच्या दोन फाइली जोडताना जुनं नाव एका फाइलमध्ये, नवं दुसऱ्या. कॉम्प्युटर त्यांना वेगवेगळे जिल्हे समजतो आणि गुपचूप गाळून टाकतो. जोडणी झाल्यावर जिल्हे पुन्हा मोजा.

नियम ८ : दोन गोष्टी शेजारी दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. २०११ मध्ये राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. "रत्नागिरीत मुलींचं स्वागत", असा मथळा सुचतो ना? पण कोकणातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला जातात, म्हणून गावात बाया जास्त दिसतात. मुलींबद्दल बोलायचं असेल तर शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण बघायला हवं.

नियम ९ : माणूस उघडा पडेल असा तक्ता छापायचा नाही. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा कायद्याने गुन्हा आहे. पण नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नाही. गाव, वय, जात आणि शिक्षण हे चार रकाने शेजारी ठेवले तर सहाशे वस्तीच्या गावात ती कोण, हे पारावर बसलेला कुणीही सांगेल. अशा वेळी तालुक्याचा एकत्रित आकडा द्या. या नियमाला सवलत नाही. मोडलात तर अंतिम बातमीचे सर्व ३० गुण जातील.

नियम १० : खुर्चीतून उठा. प्रत्येक अंतिम बातमीत किमान एक प्रत्यक्ष भेट आणि त्या आकड्याशी संबंध असलेल्या दोन माणसांशी बोलणं हवं. अधिकाऱ्याचं म्हणणं वेगळं, तो त्या दोघांत मोजला जाणार नाही. मी त्या दिवशी सात शाळांना सात फोन केले असते, तर अर्धा तास गेला असता.

माहितीचा अधिकार आणि वेळेचं गणित

माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. अर्जाची फी दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. सत्र जेमतेम चार महिन्यांचं आहे. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, म्हणजे आणखी दिवस. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांतच अर्ज टाका. "सर, माहितीच आली नाही" हे कारण डिसेंबरमध्ये चालणार नाही. मात्र अर्ज वेळेत टाकला, पाठपुरावा केला आणि तरी नकार आला, तर तो नकारही बातमी होऊ शकतो. त्याचे गुण मिळतील.

अंतिम बातमी कशी तपासतो?

३० गुणांपैकी प्रश्नाला ५, हिशेबाला १०, माणसं आणि जागेला ८, लेखन व आलेखाला ७.

समजा, विषय आहे जिल्हा परिषदेच्या कमी पटाच्या शाळा. एक विद्यार्थी लिहितो, "तालुक्यात वीसपेक्षा कमी पटाच्या ४० शाळा आहेत, ही चिंतेची बाब आहे." तक्ता आहे, रंगीत आलेख आहे, अधिकाऱ्याचं एक वाक्य आहे. याला १२-१३ गुण. दुसरी विद्यार्थिनी त्याच फाइलवरून विचारते, या ४० पैकी किती शाळांपासून पुढची शाळा चालत जाण्याच्या अंतरापलीकडे आहे? ती अंतरं मोजते, दोन वाड्यांवर जाते, ओढ्यापलीकडच्या शाळेत मुलं पावसाळ्यात कशी जातील ते आईबापांना विचारते. शेवटी स्पष्ट लिहिते की सहा शाळांचं अंतर मला नक्की करता आलं नाही, म्हणून त्या हिशेबात नाहीत. तिला २५ च्या पुढे. त्या शेवटच्या वाक्याने गुण कमी होत नाहीत, वाढतात.

आलेखाचे दोन साधे नियम. स्तंभालेख शून्यापासूनच सुरू करायचा. आणि नकाशा रंगवताना लक्षात ठेवा, गडचिरोली कागदावर केवढा मोठा दिसतो, पण २०११ मध्ये तिथे १०,७२,९४२ लोक होते. मुंबई उपनगर ठिपक्याएवढं, तिथे ९३ लाखांवर. डोळा जमीन मोजतो, आपल्याला माणसं मोजायची आहेत.

मुदत, मदत आणि चूक

उशीर झाला तर दिवसाला एक गुण वजा. घरची अडचण असेल तर आधी सांगा, मी माणूसच आहे.

एआयची मदत सूत्र समजून घ्यायला चालेल. कोणता प्रश्न विचारला आणि उत्तर कसं तपासलं, ते वहीत लिहा. आकडा किंवा अवतरण तिथून उचललेलं सापडलं तर त्या कामाला शून्य. मित्राची फाइल उतरवली तर दोघांनाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. स्वतःची चूक माझ्या आधी तुम्ही शोधलीत आणि कळवलीत, तर एकही गुण कापणार नाही. निकाल लागायच्या आदल्या दिवशी कळवलंत तरी चालेल. दुरुस्ती मूळ बातमीइतक्याच ठळक अक्षरात, तिच्या वरच्या बाजूला. चार ओळी आतल्या पानावर टाकून भागणार नाही. या नियमाचा आधार घेणारी मुलं दरवर्षी थोडी असतात. पुढे कुणाच्या हाताखाली काम करायचं ठरलं तर मी त्यांचीच नावं आधी सुचवतो.

ते मुख्याध्यापक नंतर कधी भेटले नाहीत. त्या तीन मुलींचं काय झालं, हेही मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. म्हणूनच नियम १० मध्ये 'किमान' हा शब्द आहे.

स्वाध्याय (पुढच्या तासापर्यंत)

१. आजच्या वर्तमानपत्रातली आकडा असलेली एक बातमी कापून वहीत चिकटवा. तिचा भाजक कोणता ते लिहा. दिलेला नसेल तर तसं नोंदवा.
२. तुमच्या तालुक्याची २०११ ची लोकसंख्या शोधा. तेव्हापासून तालुक्याच्या सीमा किंवा नाव बदललं आहे का?
३. एका सरकारी तक्त्यातले रिकामे कप्पे मोजा. त्यातला एक निवडा आणि तो रिकामा का आहे, हे फोन करून विचारा. काय उत्तर मिळालं ते पाच ओळींत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही तरी फोन कुणाला, किती वाजता केला ते लिहायचं आहे. तुमची डेटा-वही तिथूनच सुरू होते.